रेपो प्रायव्हेट आहे, पण किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम एका ग्राहकासाठी अ‍ॅप बनवतेय. आतापर्यंत कोडची झिप एकमेकांना पाठवत होते, आता गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर प्रायव्हेट रेपो, म्हणजे फक्त यादीतल्यांना दिसणारी कोडची जागा, काढलाय. एक सहकारी म्हणतो, रेपो प्रायव्हेट आहे ना, मग डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेची की तिथंच राहू दे, सगळ्यांना सोयीचं पडेल. विचारणाऱ्याला ते खटकतंय, पण का खटकतंय ते नेमकं सांगता येत नाही. सोबत दोन उपप्रश्न आहेत. फुकटचा प्लॅन पुरेल की स्वतःचा सर्व्हर लावावा? आणि ग्राहकाने कोड बघायला मागितला तर काय करायचं?

आधी सहकाऱ्याच्या मुद्द्याचं बोलतो. पासवर्ड आणि की, म्हणजे एकूणच किल्ल्या, रेपोत ठेवू नका. कारण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे बाकीची बरीच उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

रेपो प्रायव्हेट केला म्हणजे तुम्ही सर्व्हरला इतकंच सांगितलं, की यादीत नाव नसेल त्याला आत घेऊ नकोस. परक्या माणसाने लिंक उघडली तर गिटहब 'परवानगी नाही' असंही म्हणत नाही, सरळ ४०४ दाखवतं, जणू असा रेपो नाहीच. (टीममध्ये नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी हा ४०४ बघून 'लिंक चुकीची दिलीत' असा मेसेज हमखास टाकतो. लिंक बरोबर असते, त्याने इन्व्हाइट स्वीकारलेलं नसतं.) दारावरचा हा पहारा चांगला आहे. पण एकदा आत आलेल्याने काय उचललं आणि ते नेऊन कुठे ठेवलं, हे त्या पहाऱ्याला कळत नाही.

गिटहब ज्यावर चालतं ते गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यात तर आत येणारा सगळंच उचलून नेतो. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं तेच मुळी वितरित पद्धतीचं. क्लोन केला, म्हणजे रेपोची प्रत आपल्या मशीनवर उतरवली, की फक्त आजचा कोड येत नाही, पहिल्या कमिटपासूनची (कमिट म्हणजे बदलांची एक नोंद) अख्खी हिस्टरी येते. काल रुजू झालेल्या मुलाच्या लॅपटॉपवर दुपारपर्यंत तुमचं तीन वर्षांचं काम जसंच्या तसं असतं, तुम्ही टाकून मग पुसलेल्या फायलींसकट. उद्या त्याचं नाव यादीतून काढलं तर गिटहबवरचा त्याचा प्रायव्हेट फोर्क (त्याच्या खात्यावरची रेपोची प्रत) जातो. लॅपटॉपवरचा क्लोन जागेवरच राहतो, आणि तो मिटवण्याचं कोणतंही बटण तुमच्याकडे नाही.

आता यादीत कोण आहे ते मोजा. मी सल्ला द्यायला जातो तिथं पहिलं काम हेच करायला लावतो. एका सहा जणांच्या टीमला विचारलं, रेपो किती जणांना दिसतो? उत्तर आलं, सहा. मग सगळे मिळून सेटिंग्ज उघडून बसलो. सदस्यांत आठ नावं निघाली: एक डिझायनर, जो वर्षभरापूर्वी सोडून गेला होता, आणि एक इंटर्न, ज्याचं आडनाव कोणालाच आठवेना. डिप्लॉय की, म्हणजे सर्व्हरला रेपोत शिरायला दिलेल्या किल्ल्या, चार. एकीचं नाव 'टेस्ट', दुसरीचं 'टेस्ट नवीन', आणि त्या 'टेस्ट नवीन'ला लिहिण्याचीही परवानगी. ती कुठल्या सर्व्हरवर आहे हे शेवटपर्यंत सापडलं नाही. बाहेरची जोडलेली अ‍ॅप्स सात, त्यात कोड तपासणारं एक टूल, ज्याची ट्रायल संपून काळ लोटला होता पण परवानगी चालूच होती. शिवाय प्रत्येकाने आपापल्या खात्यावर काढलेली टोकन्स (पासवर्डऐवजी चालणाऱ्या अक्षरांच्या किल्ल्या) वेगळी. संध्याकाळी मोजणी विशीच्या पुढे गेली.

यात डिप्लॉय कीकडे लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द जास्त. ही एसएसएच की (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारी किल्ली) एखाद्या माणसाच्या खात्याशी नाही, त्या एका रेपोशी जोडलेली असते. सर्व्हरने कोड ओढून घ्यावा एवढ्यासाठी ती उत्तम. पण तिला मुदत नसते. जिने ती जोडली ती व्यक्ती टीम सोडून गेली, तिचं नाव यादीतून काढलं, तरी की जिवंत राहते. माणूस गेल्यावर त्याचं खातं काढायचं हे सगळ्यांना सुचतं, त्याने बसवलेल्या किल्ल्या मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाहीत. म्हणून की जोडतानाच तिच्या नावात सर्व्हर, काम आणि तारीख लिहा. 'टेस्ट' नावाची की दिसली तर मी ती सरळ काढून टाकतो. ज्याचं काही बंद पडेल तो अर्ध्या तासात ओरडत येतो, आणि मग ती कशासाठी होती ते कळतं. उर्मट उपाय आहे, पण चालतो. (प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या कोडच्या, रेपोवर शुक्रवारी संध्याकाळी करू नका एवढंच.)

बाहेरच्या अ‍ॅप्सचं काय होऊ शकतं ते एप्रिल २०२२ मध्ये दिसलं. हेरोकू (कोड चालवणारी) आणि ट्रॅव्हिस सीआय (कोड आपोआप तपासणारी) या दोन सेवांना दिलेली ओऑथ टोकन्स, म्हणजे बाहेरच्या सेवेला आपल्या खात्यात शिरायची परवानगी देणारी टोकन्स, चोरीला गेली, आणि ती वापरून हल्लेखोराने डझनावारी संस्थांचे प्रायव्हेट रेपो उतरवून घेतले. एनपीएम हे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजचं भांडारही त्यात सापडलं. गिटहबची स्वतःची भिंत फुटलेली नव्हती. लोकांनी विश्वासाने ज्यांना किल्ली दिली, त्यांच्याकडून ती गेली. आणि रेपो उतरवल्यावर हल्लेखोर पुढे काय करतो? कोडमध्ये किल्ल्या शोधतो. तुमचं लॉगिन पानाचं काम कितीही देखणं असो, त्याला त्यात रस नसतो.

उबरचं प्रकरण तुमच्या सहकाऱ्याला जरूर सांगा, कारण त्याचा युक्तिवाद तिथं तंतोतंत तपासला गेलाय. २०१६ साली हल्लेखोर उबरच्या इंजिनिअरांच्या प्रायव्हेट गिटहब रेपोत शिरले. कसे? इंजिनिअर आपापली वैयक्तिक खाती वापरत होते, दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून फुटलेले जुने पासवर्ड तिथंही चालले, आणि दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं नव्हतं. आत त्यांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची किल्ली मिळाली. त्या किल्लीने ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने हल्लेखोरांना १ लाख डॉलर दिले आणि प्रकरण वर्षभर झाकून ठेवलं, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये उघड झालं. रेपो प्रायव्हेटच होता. पण एका साध्या पासवर्डच्या चुकीतून थेट मुख्य डेटापर्यंत वाट गेली, ती मधल्या त्या किल्लीमुळे. किल्ली तिथं नसती तर चोराच्या हाती फक्त कोड लागला असता. त्याचंही दुःख झालं असतं, पण कोटींच्या घरात नाही.

मग किल्ल्या ठेवायच्या कुठे? पाच जणांच्या टीमला फार अवजड काही लागत नाही. कोड किल्ली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडच्या बाहेर, मशीनवर ठेवलेल्या सेटिंगमधून) वाचेल असा लिहा. प्रत्येकाच्या मशीनवर या सेटिंग्जची डॉट-ईएनव्ही फाइल असेल, ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने घ्यायच्या नाहीत अशा फायलींच्या यादीत, घाला. रेपोत त्याच फाइलचा नमुना ठेवा, नावं सगळी आणि त्यांपुढच्या किमती (पासवर्ड वगैरे) रिकाम्या, म्हणजे नवीन माणसाला काय काय लागतं ते कळतं. खऱ्या किमती टीमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. सीआयला, म्हणजे कोड आपोआप तपासून बांधणाऱ्या व्यवस्थेला, लागणाऱ्या किल्ल्या सीआयच्याच सीक्रेट्समध्ये. आणि प्रॉडक्शनची किल्ली डेव्हलपरांच्या मशीनवर येऊच देऊ नका, प्रत्येकाला टेस्टची वेगळी द्या. तुमच्या सहकाऱ्याला हवी असलेली सोय यात जवळपास तेवढीच मिळते, पहिल्या दिवशी दहा मिनिटं जास्त जातात इतकंच.

गिटइग्नोरबद्दल एक गैरसमज हमखास असतो. फाइल एकदा कमिट झाली असेल तर नंतर तिचं नाव गिटइग्नोरमध्ये लिहून काही होत नाही, गिट तिच्यावर नजर ठेवतच राहतं. आधी तिला ट्रॅकिंगमधून काढावं लागतं. गिट आरएमला कॅश्ड हा पर्याय दिला की फाइल मशीनवर राहते, फक्त गिटच्या हिशेबातून जाते. आणि तसं काढल्यावरही जुन्या कमिटमध्ये ती आहेच.

हे 'आहेच' म्हणजे काय, ते माझ्यासमोर घडलेल्या प्रसंगातून सांगतो. एका मुलाने संध्याकाळी घाईत डॉट-ईएनव्ही कमिट करून पुश मारला, म्हणजे गिटहबवर चढवली. सकाळी त्याच्याच लक्षात आलं. त्याने फाइल काढली, 'चुकून आलेली फाइल काढली' असा संदेश लिहून नवा कमिट केला आणि निवांत झाला. कोणी काही बोललं नाही. दीड वर्षाने दुसऱ्याच कामासाठी मी हिस्टरी तपासत होतो. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन एखादा शब्द शोधला, की तो शब्द ज्या ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते सगळे समोर येतात. मी 'पासवर्ड' टाकलं. वरून तिसराच कमिट तो, तोच प्रामाणिक संदेश. त्याच्या फरकात लाल रंगात, प्रत्येक ओळीआधी वजाचं चिन्ह लावून, सगळ्या किल्ल्या ओळीने मांडलेल्या. काढून टाकण्याच्या कमिटनेच त्या शोधायला सोप्या केल्या होत्या. वाईट भाग पुढचा: मी त्यातली डेटाबेसची किल्ली लावून बघितली आणि ती चालली. दीड वर्षात कोणीही बदललेली नव्हती.

असं झालं तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी किल्ली बदला. जुनी रद्द, नवी चालू. लोक नेमकं उलटं करतात. आधी हिस्टरी साफ करायला बसतात, त्यात अर्धा दिवस जातो, आणि तोवर किल्ली उघड्यावर चालूच. बैल गेला नि झोपा केला, तसला प्रकार. किल्ली रद्द झाली की हिस्टरीत उरलेली अक्षरं म्हणजे निव्वळ कचरा. मग वाटलं तर साफसफाई. त्यासाठी गिट फिल्टर-रेपो हे टूल वापरा. त्याने जुने कमिट नव्याने लिहिले जातात, सगळ्यांचे हॅश (कमिटचे ओळख क्रमांक) बदलतात, आणि टीममधल्या प्रत्येकाला जुना क्लोन टाकून नवा घ्यावा लागतो. एकाने जरी जुन्या क्लोनमधून पुश मारला तर सगळी घाण परत येते. इतकं करूनही जुना कमिट हॅशवरून किंवा पुल रिक्वेस्टच्या (बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीच्या) पानावरून काही काळ दिसत राहू शकतो. तो पुरता काढायचा तर गिटहबच्या सपोर्टला कळवावं लागतं. म्हणून मी बहुतेक वेळा किल्ली बदलून गप्प बसतो, हिस्टरीला हात लावत नाही. ग्राहकांचा खरा डेटा आत गेला असेल तर मात्र हे कष्ट घ्यायलाच हवेत, कारण माणसाचं नाव आणि फोन नंबर काही बदलून घेता येत नाही.

आणि हे नवशिक्यांचंच होतं असं समजू नका. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एसएसएच सर्व्हरची खाजगी आरएसए की थोडा वेळ एका पब्लिक रेपोत येऊन गेली. त्यांनी ती ताबडतोब बदलली, आणि जगभरच्या डेव्हलपरांना पुश करताना 'होस्ट की बदलली आहे' असा घाबरवणारा इशारा दिसला. त्यांनीही आधी कीच बदलली, बघा. तुमच्याकडे निदान कमिटआधी किल्ल्या शोधणारा हुक (आपोआप चालणारी छोटी तपासणी) बसवा. गिटलीक्ससारखं टूल फुकट आहे आणि पाच मिनिटांत लागतं.

आता रेपो कोणाच्या खात्यावर आहे ते बघा. पाचांपैकी एकाच्या वैयक्तिक खात्यावर काढला असेल, असा माझा अंदाज, कारण सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. तो आजच ऑर्गनायझेशनखाली, म्हणजे गिटहबवरच्या टीमच्या सामाईक खात्याखाली, हलवा. वैयक्तिक खात्यावरच्या प्रायव्हेट रेपोत तुम्ही ज्याला घ्याल त्याला लिहिण्याची परवानगी आपोआप मिळते, फक्त वाचण्याची देताच येत नाही. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. माझ्या ओळखीतल्या एका टीमचा रेपो एका फ्रीलान्सरच्या खात्यावर होता. पैशांवरून बिनसलं, त्याने रागात टीमची नावं काढून टाकली आणि फोन उचलणं बंद केलं. कोड सगळ्यांच्या लॅपटॉपवर होता म्हणून काम वाचलं, पण अडीचशेच्या आसपास इश्यू (कामांच्या आणि चुकांच्या नोंदी) आणि त्यांवरची चर्चा गेली ती गेलीच. ऑर्गनायझेशनमध्ये मालक दोन ठेवा. एक नको, कारण त्याचा फोन हरवला तर सगळे बाहेर. पाच नकोत, कारण मग कोणीही चुकून रेपो उडवू शकतो. दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं करा. उबरच्या गोष्टीनंतर त्याचं कारण सांगायला नको.

टोकनची एक सवय सोडा. ऑगस्ट २०२१ पासून गिटहब पुश-पुलसाठी खात्याचा पासवर्ड घेत नाही, टोकन किंवा एसएसएच लागते. तेव्हापासून कंटाळून लोक टोकन रिमोटच्या, म्हणजे गिटहबवरच्या रेपोच्या, पत्त्यातच घालून ठेवतात. मग ते डॉट-गिट या गिटच्या सगळ्या नोंदी असलेल्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडून राहतं. कोणी ते फोल्डर झिप करून 'बघ रे, हे का चालत नाही' म्हणून पाठवलं की टोकनही सोबत गेलं. तुम्ही नुकतेच झिपवरून इकडे आलात म्हणून मुद्दाम सांगतोय, झिपची सवय लवकर जात नाही. एसएसएच वापरा. टोकन लागलंच तर एका रेपोपुरतं, लागेल तेवढीच परवानगी असलेलं आणि मुदत घालून काढा.

डॉट-गिट फोल्डरचाच आणखी एक वात्रटपणा. सर्व्हरवर कोड थेट क्लोन करून वेबसाइट चालवली आणि वेब सर्व्हरला ते फोल्डर झाकायला सांगितलं नाही, तर ब्राउझरमधून ते कोणालाही उतरवता येतं आणि त्यावरून अख्खा रेपो परत जुळवता येतो. गिटहबवर कडेकोट कुलूप, आणि आपल्याच साइटवर मागचं दार सताड उघडं. आज तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे '/.git/HEAD' लिहून बघा. काही अक्षरं दिसली तर बाकीचं वाचन नंतर करा.

प्लॅनचा प्रश्न. एके काळी गिटहबवर प्रायव्हेट रेपोला पैसे पडायचे, म्हणून छोट्या टीम बिटबकेट या तशाच दुसऱ्या साइटकडे जायच्या. जानेवारी २०१९ मध्ये गिटहबने फुकट खात्यांना हवे तितके प्रायव्हेट रेपो दिले, पण एका रेपोत तीनच सहकारी. एप्रिल २०२० मध्ये ती मर्यादाही काढली. तेव्हा नुसता कोड ठेवायला पाच जणांना फुकटचा प्लॅन पुरतो. मात्र एक गोष्ट त्यात नाही, आणि ती खुपते: प्रायव्हेट रेपोवर ब्रँच प्रोटेक्शन (ब्रँच म्हणजे कोडची शाखा, मेन ही मुख्य शाखा). मेन ब्रँचवर थेट पुश नको, रिव्ह्यूशिवाय मर्ज नको, हे नियम पब्लिक रेपोला फुकट मिळतात, प्रायव्हेटला टीम प्लॅन घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर पैसे द्यावेत ते यासाठीच. पाच जणांत कोणीतरी रात्री दोन वाजता मेनवर फोर्स पुश (आधीचं पुसून आपलं चढवणारा पुश) मारणारच, आणि 'असं करायचं नाही असं ठरलं होतं ना' हे सकाळी म्हणून काही उपयोग नसतो. अ‍ॅक्शन्सची (म्हणजे गिटहबच्या स्वतःच्या सीआयची) मिनिटंही प्रायव्हेटमध्ये मोजून मिळतात, फुकट खात्याला महिन्याला २,०००. छोट्या प्रकल्पाला तेवढी बास होतात.

स्वतःचा सर्व्हर? कोड बाहेरच्या कंपनीकडे ठेवायचा नाही असं ग्राहकाच्या करारात असेल तर लावा. नाहीतर पाच जणांनी त्या फंदात पडू नये. लावणं अवघड नाही. एसएसएच चालू असलेल्या कुठल्याही लिनक्स मशीनवर गिट इनिटला बेअर पर्याय दिला की प्रायव्हेट रेपो तयार, आणि वेब पान हवं असेल तर गिटी किंवा फोर्जेओ हलके आहेत. अवघड आहे ते पुढचं: अपडेट लावत राहणं, डिस्क भरत आली का बघणं, आणि ज्याने ते लावलं तो सुट्टीवर असताना ते बंद पडणं. मी दोन वर्षं असा सर्व्हर सांभाळलाय. त्या काळात मी कोड कमी लिहिला आणि लॉग जास्त वाचले.

बॅकअप मात्र कुठेही असलात तरी तुमचाच. 'पाच लॅपटॉपवर क्लोन आहेत की' हे अर्धंच खरं. क्लोनमध्ये कोड असतो. इश्यू, पुल रिक्वेस्टवरची चर्चा, सीआयच्या सेटिंग्ज त्यात नसतात, आणि दुसऱ्याने केलेल्या ब्रँच शेवटच्या फेचपर्यंतच्याच (शेवटचं ओढून घेतलं तेव्हापर्यंतच्या) असतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेच्या एका इंजिनिअरकडून चुकीच्या मशीनवरचा डेटाबेस पुसला गेला. लोकांचे रेपो शाबूत राहिले, पण सुमारे सहा तासांचे इश्यू, कमेंट आणि इतर नोंदी गेल्या. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, ऐन वेळी त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम लोकांना थेट बघू दिलं, याचं मला आजही कौतुक आहे. त्याआधी, जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस ही कोड सांभाळणारी कंपनीच बंद पडली. हल्लेखोराला त्यांच्या अ‍ॅमेझॉन खात्याचं नियंत्रण मिळालं आणि त्याने डेटा आणि बॅकअप दोन्ही उडवले, कारण दोन्ही त्याच खात्यात होते.

तेव्हा रोज रात्री मिरर पर्यायाने क्लोन, म्हणजे रेपोची हुबेहूब प्रत, वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या खात्यावर, फक्त वाचणारी डिप्लॉय की वापरून. मिररमध्ये एक खाच आहे. मूळ रेपोतली ब्रँच कोणी उडवली आणि मिररने ते बदल जसेच्या तसे घेतले, तर तुमच्या प्रतीतूनही ती ब्रँच गेली. म्हणून आठवड्यातून एकदा गिट बंडल काढा. अख्खा रेपो एका फाइलमध्ये बांधला जातो, तिच्या नावात तारीख घाला आणि वेगळी ठेवा. तीन महिन्यांतून एकदा त्या फाइलवरून खरोखर क्लोन करून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

एकापेक्षा जास्त प्रायव्हेट रेपो झाले आणि एक दुसऱ्याचं पॅकेज वापरू लागला, की निराळी डोकेदुखी सुरू होते. डॉकर इमेज (कोड आणि तो चालायला लागणारं सगळं यांचा एक गठ्ठा) बनवताना टोकन बिल्ड आर्ग्युमेंट म्हणून दिलं तर ते इमेजच्या हिस्टरीत राहतं, आणि इमेज ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती टोकनही पडलं. त्यासाठी डॉकरच्याच बिल्डकिटचं सीक्रेट माउंट वापरा. दुसरा धोका नावांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसन या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की कंपन्यांच्या आतल्या पॅकेजचं नाव कळलं आणि त्याच नावाचं पॅकेज एनपीएम किंवा पायपीआयवर (पायथनच्या तशाच भांडारावर) टाकलं, तर कित्येक बिल्ड निमूटपणे बाहेरचंच उचलतात. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्टसकट पस्तीसहून जास्त संस्थांत त्याचा कोड असा चालला. आतल्या पॅकेजना तुमच्या स्कोपचं (पॅकेजच्या नावाआधी लागणारं, आडनावासारखं) नाव द्या, तो स्कोप बाहेरही स्वतःच्या नावावर करून ठेवा. आत्ता तुमचा एकच रेपो आहे, तेव्हा हे पुढच्या वर्षी वाचलंत तरी चालेल.

शेवटी ग्राहकाचं. तो कोड बघायला मागतोय म्हणजे काय बघायचंय ते आधी विचारा. काम चालू आहे एवढीच खात्री हवी असेल तर ऑर्गनायझेशनमध्ये फक्त वाचण्याची परवानगी देऊन बाहेरचा सहकारी म्हणून घ्या. पण मग त्याला हिस्टरीही दिसणार, आणि तिथं झाकली मूठ उघडते. कमिटच्या संदेशांत लोक काय वाट्टेल ते लिहितात. 'क्लायंटला कळत नाही म्हणून तात्पुरतं असं केलं' हा संदेश त्याच क्लायंटसमोर मीटिंगमध्ये पडद्यावर आलेला मी पाहिलाय. (संदेश लिहिणारा शेजारीच बसला होता.) परवानगी देण्याआधी लॉग एकदा चाळा. फक्त आजचा कोड द्यायचा असेल तर गिट आर्काइव्हने हिस्टरीशिवाय झिप निघते. झिपला मी सरसकट शत्रू मानत नाही, फक्त डॉट-गिट फोल्डर आत जाता कामा नये.

उद्या रेपो पब्लिक करायची वेळ आलीच, तर जुना उघडू नका. नवीन रेपो काढा, आजचा कोड एका कमिटमध्ये टाका आणि तो उघडा. जुन्यात सगळ्यांचे ईमेल पत्ते आहेत, सगळे संदेश आहेत आणि कोणाला आठवत नाही अशा कमिटमध्ये काय आहे ते देव जाणे. उघडून मग 'नको बाबा' म्हणून परत प्रायव्हेट केलात तरी मधल्या काळात कोणी केलेले पब्लिक फोर्क पब्लिकच राहतात.

आणि करार संपून कोड ग्राहकाच्या मालकीचा होणार असेल, तर रेपो त्याच्या ऑर्गनायझेशनला ट्रान्स्फर करा, झिप पाठवू नका. ट्रान्स्फरमध्ये इश्यू आणि पुल रिक्वेस्ट सोबत जातात, जुन्या लिंकही नवीन जागी वळतात. त्याआधी, करारात मुभा असेल तर, आपल्यासाठी एक बंडल काढून ठेवा. ट्रान्स्फर झाल्यावर ग्राहकाच्या माणसाला शेजारी बसवून डिप्लॉय कींची यादी उघडा आणि तुमच्या सर्व्हरच्या सगळ्या की त्याच्या हातून काढून घ्या. दुसऱ्याच्या रेपोत लिहिणारी किल्ली आपल्या जुन्या मशीनवर पडून असणं ही आता तुमची जोखीम आहे, आणि तिचे पैसेही कोणी देत नाही.